पहिली लिपी, दुसरी लिपी : इंग्रजीची मोठी अक्षरे आणि आपले नाव

गटाच्या बैठकीत बँकेचा फॉर्म आला की त्यावर वरच्या बाजूला एक ओळ हमखास असते. ‘कृपया इंग्रजी मोठ्या अक्षरांत भरा.’ आपल्यातल्या ज्या पाचवीपर्यंत शिकल्या, त्यांना ही पहिली लिपी म्हणून ठाऊक आहे. पूर्वी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचे. गुरुजी इंग्रजीच्या चार लिप्या गिरवून घ्यायचे. पहिली लिपी छापील मोठी, दुसरी छापील लहान, आणि उरलेल्या दोन हात न उचलता लिहायच्या. एकच भाषा, सव्वीसच अक्षरे, पण प्रत्येक अक्षराची चार रूपे. मुले रडकुंडीला यायची.

तर आज बोलूया या मोठ्या अक्षरांविषयी. ती कुठून आली, कधी वापरायची, कधी नाही, आणि आपल्या नावाशी त्यांचा संबंध काय. त्यासाठी आपण मुंबईला जाणार आहोत. आधी गिरगावात, आणि तिथून परळ-लालबागच्या गिरणगावात. मुंबईत इंग्रजी अक्षर आणि मराठी अक्षर एकमेकांच्या शेजारी बसले.

आपल्या देवनागरीत मोठे अक्षर, लहान अक्षर असा भेद नाही. ‘राजा’मधला ‘र’ आणि ‘रांजण’मधला ‘र’ एकाच मापाचे. गावाचे नाव असो की गवताचे, अक्षराची उंची बदलत नाही. मोडीतही तसेच होते. मोडी लिहिणारे कारकून आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायचे आणि मग दोरीवर लुगडी वाळत घालावीत तशी एकेक अक्षरे त्या रेघेखाली लटकवत जायचे. त्या रेघेला शिरोरेषा म्हणतात. सगळ्या अक्षरांच्या डोक्यावर एकच रेघ, कुणाचे डोके वर नाही.

आता पाहा ६ जानेवारी १८३२ चा दिवस. कोकणातल्या पोंभुर्ले गावचे बाळशास्त्री जांभेकर तेव्हा ऐन विशीत होते. त्यांनी मुंबईत ‘दर्पण’ नावाचे वर्तमानपत्र काढले. मराठीतले हे पहिले वर्तमानपत्र. म्हणूनच ६ जानेवारीला आपल्याकडे पत्रकार दिन पाळतात. ‘दर्पण’च्या पानावर दोन रकाने असायचे, एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला मराठी. मजकूर शेजारी शेजारी. इंग्रजी रकान्यात दर वाक्याच्या तोंडाशी मोठे अक्षर, माणसाच्या आणि गावाच्या नावाला मोठे अक्षर. मराठी रकान्यात असे काहीच नाही. तरी वाचणाऱ्याला दोन्हीकडचा अर्थ कळत होता. म्हणजे मोठ्या अक्षरावाचून भाषा अडत नाही, हे त्या पानावर दिसत होते.

मग इंग्रजांनी ही मोठी अक्षरे ठेवली तरी कशाला?

याचे उत्तर फार जुने आहे. इंग्रजी ज्या लिपीत लिहितात ती रोमन लोकांची लिपी. रोमन लोक दगडावर छिन्नीने अक्षरे कोरायचे. रोम शहरात ट्राजन नावाच्या सम्राटाचा उंच स्तंभ आहे. त्याच्या पायाशी इसवी सन ११३ मध्ये कोरलेला लेख आजही दिसतो. तो सगळा पहिल्या लिपीतला आहे. दगडावर सरळ रेघा कोरणे सोपे, म्हणून ती अक्षरे ताठ आणि टोकदार. पुढे लोक चामड्यावर लेखणीने लिहू लागले. लेखणी भराभर चालते, अक्षरे वळतात, गोल होतात, काही वर जातात, काही खाली लोंबतात. इसवी सन ८०० च्या सुमारास युरोपात शार्लमेन राजाच्या काळात अशी एक सुबक लहान लिपी रूढ झाली. आजची दुसरी लिपी तिच्यापासून आली. जुनी दगडातली अक्षरे टाकून दिली नाहीत. ती मथळ्याला आणि परिच्छेदाच्या सुरुवातीला ठेवली. त्यांना ‘कॅपिटल’ म्हणतात, कारण ‘कापुत’ या लॅटिन शब्दाचा अर्थ डोके. डोक्याशी येणारे अक्षर ते कॅपिटल.

म्हणजे मैत्रिणींनो, पहिली लिपी दगडाची आणि दुसरी लेखणीची. दोन वेगळ्या काळातल्या सवयी एका वाक्यात येऊन बसल्या.

छापखाना आला तेव्हा या दोघींना जागाही ठरवून मिळाल्या. छापखान्यात शिशाचे खिळे असत. एका खिळ्यावर एक अक्षर. जुळारी लाकडी खणाच्या पेटीतून एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. या पेटीला ‘केस’ म्हणत. इंग्रजी जुळाऱ्यासमोर दोन पेट्या तिरप्या मांडलेल्या असत. वरच्या पेटीत मोठी अक्षरे, कारण ती कमी लागतात. हाताशी असलेल्या खालच्या पेटीत लहान अक्षरे, कारण ती सारखी लागतात. म्हणून इंग्रजीत मोठ्या अक्षराला आजही ‘अपर केस’ आणि लहान अक्षराला ‘लोअर केस’ म्हणतात. मोबाईलवर पासवर्ड घालताना हे शब्द दिसले तर घाबरू नका. वरची पेटी आणि खालची पेटी, एवढाच त्याचा अर्थ. स्वयंपाकघरात रोजचे डबे हाताशी आणि सणावाराचे माळ्यावर, तसेच ते आहे.

मुंबईत मराठी छपाई याच भागात रुजली. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापले. जावजी दादाजी हा गरीब घरचा मुलगा अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याचे काम करत मोठा झाला. त्याने १८६४ मध्ये स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि पुढे गिरगावाला लागून असलेल्या काळबादेवीत निर्णयसागर छापखाना उभा केला. निर्णयसागरच्या देवनागरी अक्षरांची कीर्ती देशभर झाली. नंतरच्या काळात गिरगावातल्या खटाववाडीत मौज छापखाना नावारूपाला आला. इथल्या जुळाऱ्यांचे काम इंग्रजी जुळाऱ्यापेक्षा अवघड. काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि जोडाक्षरे मिळून मराठीला शेकडो खिळे लागत. त्यात आणखी मोठी-लहान असे दोन संच केले असते तर पेट्या ठेवायला भिंत पुरली नसती!

इंग्रजीकडून मराठीने काहीच घेतले नाही असे मात्र नाही. जुन्या पोथ्यांत शब्द एकमेकांना चिकटलेले असत आणि थांबायचे कुठे हे सांगायला फारतर एखादा दंड असे. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह ही मराठीत आली ती इंग्रजीतून. मेजर थॉमस कँडी नावाच्या इंग्रज पंडिताने १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक लिहिले. मराठीने ती चिन्हे घेतली, कारण त्यांची गरज होती. मोठी अक्षरे घेतली नाहीत, कारण त्यांच्यावाचून काही अडत नव्हते. आमच्या मते ही मोठी शहाणपणाची निवड होती. शेजारणीकडून विरजण आणावे, पण तिची चूल उचलून आणू नये.

आणि इंग्रजीचे नियम तरी कुठे कायमचे होते? सतराव्या-अठराव्या शतकातली इंग्रजी पुस्तके पाहिली तर वाक्याच्या मध्येही घर, घोडा, भाकरी असल्या साध्या नामांना मोठे अक्षर दिलेले दिसते. नंतर ती रीत मोडली. जर्मन भाषेत मात्र अजूनही प्रत्येक नामाचे पहिले अक्षर मोठेच लिहितात. तेव्हा हे नियम आकाशातून पडलेले नाहीत. माणसांनी केले आणि माणसांनीच बदलले. त्यामुळे एखादे अक्षर लहानमोठे झाले म्हणून कुणी आपल्याला अडाणी म्हणाले तर मान खाली घालायचे कारण नाही. पण नियम समजून घेतलेला बरा. तो समजायला आता आपण गिरगावातून गिरणगावात जाऊ. परळ, लालबाग, दादर या भागात कापडाच्या गिरण्या होत्या. आपल्याच कोकण-घाटावरची माणसे तिथे पोटासाठी गेली. त्यांच्या वस्तीतली नावे घेतली की नियम चटकन लक्षात राहतो.

पहिला नियम. वाक्याचे पहिले अक्षर मोठे. पूर्णविराम आला की पुढचे अक्षर पुन्हा मोठे.

दुसरा नियम. ज्या शब्दाने एकच माणूस, एकच गाव, एकच जागा कळते, त्याचे पहिले अक्षर मोठे. परळ, लालबाग, दादर, गिरगाव ही सगळी मोठ्या अक्षराने सुरू होतात. आपल्या नावात तीन शब्द असतील, स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे आणि आडनाव, तर तिन्हींची पहिली अक्षरे मोठी.

आता गंमत पाहा. ‘गिरणी बंद पडली’ असे इंग्रजीत लिहिताना गिरणीसाठीचा ‘मिल’ हा शब्द लहान अक्षराने. कारण गिरण्या पुष्कळ. पण दादरची ‘इंदू मिल’ लिहिताना ‘इंदू’चेही अक्षर मोठे आणि ‘मिल’चेही मोठे, कारण ते एकाच गिरणीचे नाव झाले. आज त्या जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मारक उभे राहते आहे. तसाच ‘लोअर’ हा शब्द. त्याचा अर्थ खालचा. एरवी तो लहान अक्षराने लिहितात. पण ‘लोअर परळ’ हे ठिकाणाचे नाव झाले की त्याचेही अक्षर मोठे.

आणखी एक उदाहरण तुम्हाला नक्की आवडेल. इंग्रजीत राजा या अर्थाचा ‘किंग’ हा शब्द एकटा आला तर लहान अक्षराने, कारण राजे अनेक. पण ‘लालबागचा राजा’ असे इंग्रजीत लिहिताना दोन्ही शब्दांची पहिली अक्षरे मोठी. १९३४ पासून लालबागला बसणारा हा गणपती, त्याचे ते नाव आहे. राजा मोठा म्हणून अक्षर मोठे, असे समजू नका. ते एकाचेच नाव आहे म्हणून अक्षर मोठे. त्या गणपतीपुढे रांगेत उभ्या राहिलेल्या बाईच्या नावालाही तेच अक्षर, तेवढ्याच उंचीचे.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण आपण मान द्यायचा म्हणून मोठे अक्षर देतो. गटाच्या इतिवृत्तात अध्यक्ष, सचिव या इंग्रजी शब्दांना मोठे अक्षर देण्याचा मोह होतो. इंग्रजीत पद एकटे आले तर साधारणपणे लहान अक्षर आणि नावाच्या आधी जोडून आले तर मोठे. ‘डॉक्टर आले’ यात लहान, ‘डॉक्टर आनंदीबाई जोशी’ यात मोठे.

तिसरा नियम. वार, महिने, सण, भाषा, देश आणि धर्म यांची नावे मोठ्या अक्षराने. सोमवार, जानेवारी, दिवाळी, मराठी, भारत, हिंदू, ख्रिश्चन, सगळी. पण उन्हाळा, पावसाळा, हिवाळा या ऋतूंच्या इंग्रजी नावांना मोठे अक्षर नाही.

चौथा नियम एकाच शब्दाचा. ‘मी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘आय’, तो वाक्यात कुठेही आला तरी मोठाच. इंग्रज स्वतःला मोठे समजतात म्हणून हा नियम, असे काही जण सांगतात. खरे कारण साधे आहे. हाताने लिहिण्याच्या काळात एकटी लहान ‘आय’ म्हणजे काडीएवढी रेघ. ती शेजारच्या अक्षरांत हरवायची. म्हणून तिला उंच केले. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ हे इंग्रजी शब्द वाक्याच्या मध्ये लहानच राहिले.

आता जरा गंभीर गोष्ट. मोठे अक्षर नावाला मिळते, पण ज्या बाईला नाव उघड करता येत नाही तिने काय करायचे?

१८८५ सालची हकिगत आहे. मुंबईतल्या रखमाबाईंचे लग्न त्या अकरा वर्षांच्या असताना दादाजी भिकाजींशी झाले होते. मोठी झाल्यावर त्यांनी नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याने १८८४ मध्ये कोर्टात दावा लावला. दावा चालू असताना ‘टाइम्स ऑफ इंडिया’त २६ जून १८८५ रोजी बालविवाहाविरुद्ध एक इंग्रजी पत्र छापून आले. खाली नाव नव्हते. सही होती ‘अ हिंदू लेडी’, म्हणजे एक हिंदू स्त्री. ते पत्र रखमाबाईंचे होते. ‘लेडी’ म्हणजे बाई, अगदी सामान्य नाम. बाया लाखो. नियमाने तो शब्द लहान अक्षराचा. पण सहीत आला आणि एका बाईचे नाव म्हणून उभा राहिला, म्हणून त्याला मोठे अक्षर मिळाले. ज्या लाखो बायांना कुणी नावाने विचारत नव्हते, त्यांचे दुःख त्या सहीआडून बोलले.

पुढे रखमाबाईंचे नाव सगळीकडे झाले. १८८७ मध्ये कोर्टाने निकाल दिला, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी ठेवली. १८८८ मध्ये तडजोड झाली. १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा झाला, मुलीचे संमतीवय दहावरून बारा झाले, आणि त्या चर्चेत या खटल्याचा मोठा वाटा होता. रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षे बायकांवर उपचार केले. आणखी एक बारीक गोष्ट. मराठीत त्यांचे नाव ‘रखमाबाई’, पण इंग्रजी कागदांत ‘र’पुढे ‘यू’ अक्षर घालून ते ‘रुखमाबाई’ असे लिहिले गेले. म्हणजे बाईचे नाव कागदावर बदलण्याचा प्रकार आजचा नाही.

इथून गिरणगावातल्या बायांकडे येऊ. गिरणीत काम करणारे हजारो पुरुष गावाकडे बायकापोरे ठेवून आलेले. त्यांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बाया चाळीच्या छोट्या खोल्यांत राबायच्या. वाण्याकडून उधारी, सावकाराकडून व्याजाने पैसे, असे त्यांचे गाडे चालायचे. १९६९ मध्ये १४ मोठ्या बँका सरकारी झाल्या. त्यानंतर, १९७५ मध्ये, प्रेमाताई पुरव यांनी या बायांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना उभी केली आणि त्यांना बँकेच्या कर्जापर्यंत नेले. आपल्या बचत गटांच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. सावकाराच्या वहीत ‘अमक्याची बायको’ एवढे चालत असेल. बँकेच्या कागदावर बाईचे स्वतःचे नाव लागते. तिथून पुढे नाव कसे लिहिले आहे याला किंमत आली.

बँक पहिली लिपी का मागते, हेही आता समजेल. पहिल्या लिपीतली सगळी अक्षरे सारख्या उंचीची, एकेका चौकोनात नीट बसणारी, एकमेकांना न चिकटणारी. दुसऱ्या लिपीत ‘बी’ आणि ‘डी’ एकमेकींच्या जुळ्या बहिणी, पोट कोणत्या बाजूला एवढाच फरक. पहिल्या लिपीत अशी गफलत कमी. म्हणून फॉर्मवर सगळेच मोठे लिहायचे आणि वरचे चारही नियम तिथे बाजूला ठेवायचे.

आता सगळ्यात कामाचे. पॅन कार्डावर नाव सगळे मोठ्या अक्षरांत असते. आधार कार्डावर फक्त पहिले अक्षर मोठे आणि बाकीची लहान. हे पाहून काही बायांना वाटते, दोन कागदांवर दोन नावे झाली. तसे नाही. लिपी बदलली तरी नाव तेच राहते. अक्षर बदलले तर मात्र नाव बदलते. ‘सुनीता’ एका ठिकाणी ‘आय’ने आणि दुसऱ्या ठिकाणी दोनदा ‘ई’ने, ‘लक्ष्मी’ एका ठिकाणी ‘एक्स’ने आणि दुसऱ्या ठिकाणी ‘के-एस-एच’ने, एकीकडे माहेरचे आडनाव आणि दुसरीकडे सासरचे, अशी तफावत असेल तर पैसे अडकू शकतात. तिकडे लक्ष द्या. मोठ्या-लहानाची चिंता सोडा.

फक्त एका ठिकाणी ती चिंता हवी. पासवर्डमध्ये मोठे ‘ए’ आणि लहान ‘ए’ ही दोन वेगळी अक्षरे धरली जातात. आणि बँकेचा आयएफएससी कोड लिहिताना एक खूण ठेवा. तो अकरा घरांचा असतो, पहिली चार इंग्रजी अक्षरे मोठी, आणि पाचव्या घरात नेहमी शून्य. ते ‘ओ’ अक्षर नाही.

या आठवड्याच्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीने आधार, पॅन आणि पासबुक घेऊन यायचे. वहीच्या एका पानावर स्वतःचे नाव आधी मराठीत लिहायचे. त्याखाली आधारवरचे इंग्रजी नाव पहिल्या लिपीत, त्याखाली पॅनवरचे, त्याखाली पासबुकातले. एकाखाली एक लिहिले की वेगळे अक्षर चटकन डोळ्यांत भरते. जिला लिहिता येत नाही तिला शेजारणीने पान लिहून द्यावे, पण गिरवायचे तिने स्वतः. जिथे फरक सापडेल तिथे गोल करा आणि दुरुस्तीला पाच जणी मिळून जा. एकटीला उद्या या म्हणतात, पाच जणींना सहसा बसायला खुर्ची देतात.